राजाचे वाडवडील

इंदूरहून मंदसोरला जाणारा माणूस बहुधा पशुपतिनाथासाठी जातो. 1940 साली शिवना नदीत सापडलेली ती अष्टमुखी पिंडी पाहायची आणि परतायचं. जवळच सोंधनीला यशोधर्मन राजाचे दगडी जयस्तंभ आहेत. तिकडे वाट वाकडी करणारे थोडे. खरं तर शिवभक्ताला तिथलंही वाचायला आवडेल: शिवाखेरीज कुणापुढे न झुकलेलं हूण राजा मिहिरकुलाचं मस्तक यशोधर्मनाच्या पायांशी वाकलं.

स्तंभांवरचा मजकूर कक्काचा मुलगा वासुल याचा, कोरणारा गोविंद. ब्रह्मपुत्रेपासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सामंत शरण आले, असं वासुल सांगतो. दरबारी कवीचा भूगोल निम्म्यानेच धरावा. मंदसोरचा दुसरा लेख मला अधिक भरवशाचा वाटतो. मालव संवत 589, म्हणजे इ. स. 532 च्या सुमाराचा. दक्ष नावाच्या गृहस्थाने चुलता अभयदत्त याच्या स्मरणार्थ विहीर बांधली, तिचा हा लेख. राजाची स्तुती ओघात येते.

पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी 1888 मध्ये हे लेख ग्रंथरूपाने छापले. त्यांत राजाच्या कुळाचं ‘औलिकर’ हे लांछन, म्हणजे कुळचिन्ह, होतं, पण वाडवडिलांची नावं नव्हती. यशोधर्मनाला जाट मानणारे आहेत, पण ‘जाट’ हा शब्दही त्यांत नव्हता. ती ओळख आली व्याकरणातून. चांद्र व्याकरण या संस्कृत ग्रंथाच्या वृत्तीत, म्हणजे टीकेत, जर्ताने हूणांना जिंकलं, अशा अर्थाचं एक उदाहरण आहे. इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांनी जर्त म्हणजे जाट धरला आणि हूणांना जिंकल्याचा मान गुप्त राजांना दिला. काहींनी तोच यशोधर्मनाला दिला. आणखी काही जण तिथे ‘गुप्त’ असाच पाठ घेतात. विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या एका उदाहरणावर राजाचं अख्खं कुळ तोलायचं, हे मला तरी पटत नाही.

मग 1983 मध्ये मंदसोर जिल्ह्यातच रिस्थलला शिळा सापडली, मालव संवत 572 ची. तिच्यात सेनापती द्रुमवर्धनापासून प्रकाशधर्मनापर्यंत औलिकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत. प्रकाशधर्मनाने हरवलेला तोरमाण हा मिहिरकुलाचा बाप. यशोधर्मन प्रकाशधर्मनाचाच वारस, असं अभ्यासक मानतात. मात्र त्याला मुलगा म्हणणारा लेख नाही. दोघांना जोडणारे दुवे आहेत ते चाकरीतल्या माणसांचे. रिस्थलचं मंदिर उभारणारा प्रकाशधर्मनाचा अधिकारी भगवद्दोष विहिरीच्या लेखात दक्षाच्या घराण्यात पुन्हा भेटतो, आणि रिस्थलचा कवीही कक्काचा मुलगा वासुलच.