पॅट्रिशिया नीलची शिकवणी: ग्रेट मिसेंडन, १९६५

'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' किंवा 'मटिल्डा' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय, निदान त्यावरचे सिनेमे तरी पाहिलेत. आज त्यांच्या लेखकाच्या, म्हणजे रोआल्ड डालच्या घरात जाऊया. मात्र गोष्ट त्याची कमी आणि त्याच्या बायकोची जास्त आहे.

पॅट्रिशिया नील. १९६४ मध्ये 'हड' सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १९६५ ला, लॉस एंजेलिसमध्ये जॉन फोर्डच्या सिनेमाचं शूटिंग चालू असताना ती संध्याकाळी घरी मुलीला, टेसाला, आंघोळ घालत होती. अचानक डोक्यात भयंकर कळ आली. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती. वय ३९, आणि पोटात तीन महिन्यांचं बाळ. सात तासांचं ऑपरेशन झालं, मग जवळजवळ तीन आठवडे ती कोमात. 'व्हरायटी' या सिनेमावाल्यांच्या पेपरने तर ती गेल्याची बातमीही छापून टाकली.

ती शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी होती, एका डोळ्यावर पट्टी होती, आणि शब्द गेले होते. याला मराठीत वाचाघात म्हणतात. हा प्रकार बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. माणसाला समजतंय, काय म्हणायचंय तेही ठाऊक आहे, पण तोंडातून भलताच शब्द येतो. पॅट सिगारेटला 'ऑब्लॉगॉन' म्हणायची. आमच्या सांगलीच्या काकांना स्ट्रोकनंतर 'चहा' हा शब्द काही केल्या यायचा नाही, पण एक ते दहा आकडे घडाघडा यायचे. 'फक्त पाच म्हणा' म्हटलं की गप्प. आणि शिव्या? त्या एकदम स्वच्छ! घरात पाहुणे आले की पंचाईत. पाठ झालेलं, सवयीचं बोलणं आणि ठरवून शोधलेला शब्द या मेंदूसाठी वेगवेगळ्या गोष्टी असतात, म्हणून हे असं होतं. भेटायला येणारे मात्र काकांशी मोठ्याने बोलायचे, जणू कानच गेलेत.

मे महिन्यात डाल कुटुंब इंग्लंडला, बकिंगहॅमशरमधल्या ग्रेट मिसेंडन गावात परतलं. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, लूसी, अगदी ठणठणीत. पण खरी कसोटी बोलण्याची होती. त्या काळी स्पीच थेरपी मिळायची ती आठवड्यात थोडा वेळ. डालला ते अजिबात पटलं नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली आणि चार महिन्यांच्या थिओच्या मेंदूत पाणी साचायला लागलं. ते काढणाऱ्या नळीची झडप सारखी तुंबायची. डालने हायड्रॉलिक्समधला एक इंजिनिअर, स्टॅन्ली वेड, आणि न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणलं आणि तिघांनी नवी झडप बनवली. ती तयार होईपर्यंत थिओला गरज उरली नाही, पण ती इतर मुलांच्या कामी आली. मग १९६२ मध्ये मोठी मुलगी ऑलिव्हिया गोवरातून मेंदूला सूज येऊन गेली. तिथे काहीच करता आलं नाही. अशा माणसाला 'थांबा आणि वाट बघा' हे कसं ऐकवणार? मी इंजिनिअर आहे, ही खाज मला ओळखीची वाटते: बिघाड दिसला की हात शिवशिवतात. पण बायको म्हणजे झडप नाही, आणि गोष्ट अवघड होते ती इथेच.

डालने गावातल्या शेजाऱ्यांची पाळी लावली. एकेक जण तासभर यायचा: वाचन, गणितं, शब्दकोडी, नुसत्या गप्पा. मिळून दिवसाला सहा तास. जवळच्या हवाई दलाच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी ती वेगळीच. शिवाय घरात नियम असा की वस्तूचं नाव नीट घेतल्याशिवाय ती हातात द्यायची नाही. बघणाऱ्यांना हे क्रूर वाटायचं. पॅटलाही वाटायचं. ती चिडायची, खचायची, मरून जावं असंही तिच्या मनात यायचं.

मग डाल बरोबर होता का? अर्धा. भरपूर सराव लागतो, हे पुढे अभ्यासातही दिसलं. २००१ मध्ये जर्मनीत फ्रीडेमान पुल्वरम्यूलर यांच्या गटाने जुना वाचाघात असलेल्या लोकांना दहा दिवस, दिवसाला किमान तीन तास, फक्त बोलूनच काम भागेल असे खेळ खेळायला लावले. तेवढीच थेरपी आठवड्यांमध्ये पसरून दिलेल्यांपेक्षा ते जास्त सुधारले. पण ते खेळ होते, आणि त्यातली सगळीच माणसं शब्द शोधत होती. एकाने वस्तू धरून ठेवायची आणि दुसऱ्याने मागत राहायचं, असं तिथे नव्हतं. त्यात त्या वर्षांत घरातली मोठी कमाई पॅटची होती, त्यामुळे डालच्या घाईत फक्त प्रेमच होतं असं मला वाटत नाही.

गोष्टीतला माझा आवडता माणूस तिसराच आहे. व्हॅलरी ईटन ग्रिफिथ, गावातलीच एक बाई. थेरपिस्ट नव्हती, कसलं ट्रेनिंगही नव्हतं. सुरुवातीला बरेच शेजारी पॅटला लहान मुलासारखं शिकवायचे. व्हॅलरीने तिला मोठ्या बाईसारखं वागवलं. काय आवडतं ते बघायचं, त्यावरून विषय काढायचा, थकली की थांबायचं. हळूहळू शिकवणी तिच्याकडेच आली. १९६७ च्या मार्चमध्ये डालने पॅटला न सोसणारं काम परस्पर ठरवून टाकलं: न्यूयॉर्कमध्ये मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात भाषण. पाठांतर कुणी करून घेतलं? व्हॅलरीने. भाषण झालं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' हा सिनेमा केला तेव्हाही व्हॅलरी सोबत होती, कारण संवाद लक्षात राहणं पॅटला सगळ्यात जड जायचं. त्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

पॅटने नंतर आत्मचरित्रात डालला खूप नावं ठेवली, आणि त्याच्याच हट्टामुळे आपण परत उभ्या राहिलो हेही लिहिलं. दोन्ही तिने लिहिलंय, तेव्हा आपण त्यातलं सोयीचं एक निवडू नये. १९८३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

व्हॅलरीने १९७० मध्ये 'अ स्ट्रोक इन द फॅमिली' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी. त्यातूनच सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची योजना उभी राहिली: साधी माणसं, ठरलेल्या दिवशी, वाचा गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसणार. घरच्यांसाठी याचा अर्थ काय? तेवढा तासभर सुट्टी. काकूंना त्या दिवसांत अशी कुणीतरी हवी होती. सल्ले द्यायला माणसं भरपूर होती, बुधवारी चार ते पाच येऊन बसणारं कुणी नव्हतं.

पॅट २०१० पर्यंत जगली. थोडी लंगडायची, नावं विसरायची. अमेरिकेत नॉक्सव्हिल गावी, जिथे ती वाढली, १९७८ मध्ये तिच्या नावाचं पुनर्वसन केंद्र सुरू झालं. ती तिथे अधूनमधून जायची आणि पेशंटांशी बोलत बसायची.