सीपीआर: मशीन चांगलं की हात?

परवा एका मित्राने रील पाठवलं. रुग्णवाहिकेत पेशंटच्या छातीवर एक मशीन आपोआप दाब देत होतं. खाली प्रश्न: "आता माणसाने सीपीआर शिकायची गरजच काय?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण माझे आई-वडील करमाळा तालुक्यातल्या जेऊरला राहतात, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

सीपीआर म्हणजे काय?

हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच इजा सुरू होते. छाती दाबून आपण बाहेरून रक्त फिरवत ठेवतो. 1960 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ही पद्धत जगासमोर मांडली.

हाताने

- वेग: मिनिटाला 100 ते 120 दाब
- खोली: मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर
- प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची
- खर्च शून्य, सुरुवात लगेच
- अडचण: माणूस दमतो. दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

मशीनने

दोन प्रकार जास्त दिसतात. 'लुकास'मध्ये दट्ट्या छातीवर वरखाली होतो. 'ऑटोपल्स'मध्ये रुंद पट्टा छातीला आवळतो. मशीन दमत नाही, वेग चुकत नाही. पण किंमत लाखांत, लहान मुलांसाठी ते नसतं, आणि बसवताना दाब थांबतात. ती थांबण्याची वेळ शक्य तितकी कमी ठेवावी लागते.

मग जिंकलं कोण?

मला वाटलं होतं मशीनच. पण आकडे वेगळं सांगतात. 2014 च्या 'लिंक' चाचणीत 2,589 रुग्ण होते. चार तासांनी जिवंत असलेले: मशीन 23.6 टक्के, हात 23.7 टक्के. 2015 च्या ब्रिटनमधल्या 'पॅरामेडिक' चाचणीत 4,471 रुग्ण होते. 30 दिवसांनी जिवंत: मशीन सुमारे 6 टक्के, हात सुमारे 7 टक्के. म्हणजे बरोबरी.

म्हणून सरसकट मशीन वापरा असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. धावती रुग्णवाहिका, अँजिओप्लास्टीचं टेबल, खूप वेळ चालणारा सीपीआर, अशा ठिकाणी मात्र त्याचा उपयोग आहे. गाडी वळणं घेत असताना उभं राहून छाती दाबणं कर्मचाऱ्यालाही धोक्याचं असतं.

जेऊरसारख्या गावात

इथे खरा मुद्दा वेळेचा आहे. समजा 108 ची रुग्णवाहिका 20 मिनिटांत आली. मिनिटाला 110 धरले तर 2,200 दाब होतात, आणि ते सगळे गावातल्याच कुणाच्या तरी हातांनी द्यायचे आहेत. गाडीत कितीही भारी मशीन असलं तरी या 20 मिनिटांत ते कामाचं नाही.

तुम्ही काय करायचं?

1. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसती अडखळती घरघर आहे? 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा.
2. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. गादीवर नको.
3. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मागचा भाग ठेवा. त्यावर दुसरा हात. कोपर ताठ.
4. जोरात आणि भरभर दाबा. दुसऱ्या माणसाला मेट्रोनोम अ‍ॅप 110 वर लावायला सांगा.
5. दोन मिनिटांनी अदलाबदल. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नका.

तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर नुसते दाब द्या. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी हीच पद्धत सुचवली आहे. मात्र उजनीच्या पाण्यात बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासही महत्त्वाचा, आणि तो प्रशिक्षण घेऊनच नीट जमतो.

त्या मित्राला मी एवढंच लिहिलं: मशीन हे दमलेल्या हातांची जागा घेतं, पहिल्या हातांची नाही. तुमच्या घरात हे दाब कोण देणार, ते आजच ठरवा. निदान दोघं तरी हवेत.