छोटा मालवाहू टेम्पो: घेण्याआधी आरसीवरील आकडे वाचा

भाजीपाल्याचा तोडा दिवसाआड येतो आणि भाड्याचा टेम्पो नेमका त्याच दिवशी मिळत नाही. मिळाला तरी तो गावातील चार जणांचा माल घेत बाजारात पोचेपर्यंत लिलाव अर्धा संपलेला असतो. अशा वेळी स्वतःचा छोटा मालवाहू टेम्पो असावा असे वाटणे साहजिक आहे. 2005 मध्ये टाटा एस बाजारात आला आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने गावोगाव पोचला. त्यानंतर महिंद्रा, अशोक लेलँड, मारुती या कंपन्यांच्याही लहान गाड्या आल्या. किंमत, मायलेज आणि हप्ता यांची माहिती शोरूममध्ये भरपूर मिळते. या गाडीला कायदा कुठे अडवतो, हे मात्र बहुतेकांना पहिल्या दंडाच्या वेळी किंवा अपघातानंतर कळते. त्यामुळे येथे मुख्यतः त्याचीच माहिती दिली आहे.

पिवळी पाटी कोणालाही चुकत नाही

“मी फक्त माझ्या शेतातला माल नेणार आहे, मग गाडी पांढऱ्या पाटीवर घेता येईल का?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर नाही असे आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 नुसार केवळ माल वाहण्यासाठी बनवलेली गाडी ही मालवाहू, म्हणजेच परिवहन वाहन ठरते. माल स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, यावर ते अवलंबून नसते. म्हणून पाटी पिवळी लागते आणि तिच्यासोबत फिटनेसची तपासणी व व्यावसायिक विमाही येतो. शेतीच्या ट्रॅक्टरला मिळणाऱ्या सवलती या गाडीला लागू होत नाहीत.

वजनाची वजाबाकी

आरसीवर दोन आकडे असतात: गाडीचे रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल एकूण वजन (जीव्हीडब्ल्यू). या दोन आकड्यांतील फरक म्हणजे आपला कायदेशीर भार. चालक, शेजारी बसलेला माणूस, क्रेट, ताडपत्री, दोरखंड हे सगळे त्याच फरकात बसवावे लागते.

उदाहरण म्हणून हा फरक 750 किलो धरू. चालक आणि मालक मिळून 140 किलो झाले, म्हणजे मालासाठी 610 किलो उरले. टोमॅटोचा भरलेला क्रेट, क्रेटच्या वजनासह, 24 किलोचा धरला तर 25 क्रेट बसतात. कांद्याच्या 50 किलोच्या गोण्या फक्त 12 बसतात. हौद्यात जागा मात्र याच्या दुप्पट मालाची दिसते आणि गाडीही तेवढा माल ओढते. फसगत होते ती इथेच. गाडी किती ओढते याच्याशी कायद्याला देणेघेणे नाही, आरसीवर काय लिहिले आहे तेच तो पाहतो.

भार जास्त आढळल्यास कलम 194 नुसार 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी 2,000 रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडली जात नाही आणि उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी बसतो. रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवलेल्या टोमॅटोचे काय होते ते सांगायला नको. वजन करण्यासाठी गाडी थांबवायला चालकाने नकार दिला तर दंड 40,000 रुपये आहे. (जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवते.) दंडाची मूळ रक्कम मोठ्या ट्रकला आणि छोट्या टेम्पोला सारखीच आहे, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. ट्रकमालक ती एका खेपेत भरून काढू शकेल, पण आपल्याला त्यासाठी महिनाभराच्या खेपा लागतील.

गॅरेजमध्ये मागचे पाटे वाढवून घेतले म्हणून कायदेशीर भार वाढत नाही. उलट उंच जाळी किंवा जाड पत्र्याचा हौदा बसवला की गाडीचे रिकामे वजन वाढते आणि मालाचा वाटा तेवढाच कमी होतो. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल करण्यास कलम 52 नुसार मनाई आहे. सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

कडबा, मुरघासाची हिरवी मका, उसाचे वाढे यांची गोष्ट वेगळी. वजन कमी भरते, पण पेंढ्या दोन्ही बाजूंना आणि फाळक्याच्या मागे बाहेर येतात. माल गाडीबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर गेला तर त्यालाही 20,000 रुपयांचाच दंड आहे. वैरणीच्या दिवसांत पशुपालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

हौद्यातील माणसे

या गाडीत सर्वांत मोठा धोका कोणता असेल, तर तो हौद्यात बसणाऱ्या माणसांचा. सकाळी खुरपणीला आठ-दहा बाया मागे बसवून शेतावर न्यायच्या आणि संध्याकाळी घरी सोडायच्या, हे दृश्य राज्यात सगळीकडे दिसते. लग्न आणि जत्रेलाही हीच गाडी निघते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. दुसरे साधन नसते आणि मजूरही “गाडी पाठवा, तरच येतो” असे सांगतात.

पण मालवाहू गाडीच्या विम्यात ही माणसे बसत नाहीत. 1994 च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याने अधिकृत केलेला प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे. तेही त्यांनी मालासोबत आणि केबिनमध्ये बसून प्रवास केला तर. मालावर किंवा हौद्यात बसलेल्याबाबत विमा कंपनी हात वर करते. फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी मालवाहू गाडीच्या विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात दिला.

मग अपघातात मजुराचा मृत्यू झाला तर भरपाई कोण देणार? गाडीचा मालक. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावते, जेणेकरून पीडित कुटुंबाची परवड होऊ नये. पण तीच रक्कम कंपनी नंतर मालकाकडून वसूल करते. न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई थकली तर कलम 174 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. याचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावण्याची गरज नाही. तरुण, कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई अनेक लाखांत जाते. गाडीची किंमत चार-पाच लाख असली तरी पणाला लागलेली असते ती जमीन.

मालाची चढउतार करणारे हमाल किंवा क्लीनर यांच्यासाठी जादा हप्ता भरून विम्यात संरक्षण घेता येते. पॉलिसी घेताना ते मागून घ्यावे, एजंट स्वतःहून सांगेलच असे नाही. मात्र हे संरक्षण गाडीच्या कामावरील माणसांपुरते आहे, खुरपणीला निघालेल्या टोळीला ते लागू नाही. मजुरांची ने-आण करायची असेल तर प्रवासी परवाना असलेली रिक्षा किंवा जीप ठरवावी. तिचे भाडे मजुरीच्या खर्चात धरावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे नेली तरी विम्याचा प्रश्न जवळपास हाच राहतो, म्हणून तो पर्याय समजू नये.

शेजाऱ्याचा माल आणि विम्याचा प्रकार

1939 च्या जुन्या कायद्यात मालवाहू गाड्यांचे ‘खासगी वाहक’ आणि ‘सार्वजनिक वाहक’ असे दोन प्रकार होते. 1988 च्या कायद्यातून ते गेले, पण विम्याच्या दरपत्रकात राहिले. साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकी मालगाडीचा थर्ड पार्टी हप्ता 2022 च्या दरानुसार सार्वजनिक वाहकाला वर्षाला सुमारे 16 हजार रुपये, तर खासगी वाहकाला सुमारे साडेआठ हजार रुपये आहे. फरक पाहून साहजिकच कमी हप्त्याकडे मन वळते.

खासगी वाहकाचा विमा फक्त स्वतःचा माल नेण्यासाठी असतो. परतीच्या खेपेला शेजाऱ्याची खताची पोती भाड्याने आणली आणि त्याच खेपेत अपघात झाला, तर दावा अडतो. गाडी रिकामी परत आणणे परवडत नाही, म्हणून बहुतेक जण कधी ना कधी भाडे मारतातच. तसे असेल तर पहिल्या दिवसापासून सार्वजनिक वाहकाचाच विमा घ्यावा. शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर गाडी असेल आणि सभासदांकडून वाहतूक खर्च घेतला जात असेल, तर याबाबत शंका ठेवूच नये. कृषी सहायकांनी गटाच्या बैठकीत हा मुद्दा जरूर मांडावा.

लायसन्स, परमिट, फिटनेस

लायसन्सबाबत शेतकऱ्यांच्या बाजूचा निकाल आहे. हलक्या मोटार वाहनाचे म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेला माणूस साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवू शकतो, वेगळ्या परवानगीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले. त्यामुळे घरच्या मुलाकडे कारचे चालू लायसन्स असेल तर तो छोटा टेम्पो चालवू शकतो.

परमिटची रेषा 3,000 किलोंवर आहे. एकूण वजन तेवढे किंवा त्यापेक्षा कमी असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही (कलम 66). छोटा हत्ती आणि त्याच्या जोडीच्या गाड्या या रेषेच्या बऱ्याच खाली आहेत. पिकअप गटातील काही मॉडेल रेषेच्या आत तर काही बाहेर येतात, आणि दिसायला दोन्ही सारखीच असतात. थोडा जास्त भार मिळतो म्हणून मोठे मॉडेल घेतले की परमिटचा खर्च आणि त्याच्या नूतनीकरणाची कटकट मागे लागते. परमिट हवे असताना ते नसले तर दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. दुसऱ्या राज्यातील बाजारात माल नेणार असाल तर तेथील वाहन कराची चौकशी आधीच करावी.

नव्या गाडीचे फिटनेस दोन वर्षांचे मिळते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. फिटनेस संपलेली परिवहन गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृतच राहत नाही, म्हणून ऐन हंगामात तारीख येत असेल तर काम महिनाभर आधीच उरकावे. पीयूसीची तारीखही सोबत पाहावी. पंधरा वर्षांवरील गाडीचे फिटनेस शुल्क खूप जास्त आहे. अशी गाडी स्वस्तात मिळते त्यामागे हेही एक कारण असते.

जुनी गाडी घेताना आणि विकताना

जुनी गाडी पाहताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. त्याआधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कर, फिटनेस, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेले ई-चलन पाहावे. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघावे.

आपली गाडी विकताना काळजी दुप्पट घ्यावी. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, पैसे घेतले आणि नाव बदलायचे काम घेणाऱ्यावर सोडले, असे गावात सर्रास होते. पण आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात सांगितले. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी कागदावरच्या मूळ मालकावर आली. विक्रीची माहिती 14 दिवसांच्या आत आरटीओ कार्यालयात स्वतः द्यावी आणि पोच पावती जपून ठेवावी. नवे आरसी घेणाऱ्याच्या नावाने निघाल्याचे संकेतस्थळावर दिसेपर्यंत थोडी रक्कम राखून व्यवहार करावा. घेणारा नातेवाईक असला तरीही.