चित्रफितीतला गुरू

विद्या देण्याचा इतिहास जितका जुना, तितकाच ती राखून ठेवण्याचाही. घराण्याची खास चीज शिष्याच्या पदरात पडायला आपल्याकडे वर्षानुवर्षे लागत. रॉक संगीत तर बंडखोर तरुणांचे. तिथे असली राखण नसेल, असा आपला समज असतो. तो तितकासा खरा नाही. 1978 साली कॅलिफोर्नियातील ‘व्हॅन हेलन’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. तीत ‘इरप्शन’ नावाचे अवघे 1 मिनिट 42 सेकंदांचे गिटारवादन आहे. ते ऐकून ठिकठिकाणच्या वादकांची मती गुंग झाली. एडी व्हॅन हेलन उजव्या हाताचे बोट थेट गिटारच्या मानेवर, पडद्यांमध्ये आपटून स्वर काढत होता. तबकडी निघण्यापूर्वी क्लबमध्ये ही करामत करताना तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा राही, असे सांगतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या पाठमोऱ्या वादकाचे कुतूहल वाटते. कारण पुढच्या दहा वर्षांत हीच विद्या कॅसेटच्या रूपाने दुकानात मिळू लागली.

त्याआधी शिकणाऱ्याची सारी भिस्त कानावर असे. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची तबकडी 16 फेऱ्यांवर लावली, की लय निम्मी होई आणि स्वर सुमारे सप्तकभर खाली येत. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचे. एवढे करून स्वर कळे. पण गिटारवर एकच स्वर तीन-चार ठिकाणी सापडतो. वादकाने तो कोणत्या तारेवर, कोणत्या बोटाने घेतला, हे तबकडी सांगत नसे.

1979 मध्ये आर्लेन रॉथ या अमेरिकन गिटारवादकाने ‘हॉट लिक्स’ ही संस्था काढली. आधी ध्वनिफितींवर धडे निघाले; घरोघर व्हीसीआर आले, तशा चित्रफिती निघू लागल्या. तिकडे हॉलिवूडमध्ये 1977 साली गिटार शिकवणारी एक स्वतंत्र संस्थाच सुरू झाली होती. पेनसिल्व्हेनियाचा पॉल गिल्बर्ट तिथे शिकायला आला आणि थोड्याच काळात तिथलाच शिक्षक झाला. 1988 ची त्याची ‘इंटेन्स रॉक’ ही चित्रफीत या प्रकारातली गाजलेली. अशा फितींची रीत ठरलेली असे. आधी तुकडा पूर्ण वेगात, मग तोच सावकाश, कॅमेरा बोटांजवळ. सोबतच्या पुस्तिकेत सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे. स्वरलिपी येत नसली तरी चाले. मेट्रोनोमच्या ठोक्यावर तुकडा हळू धरायचा आणि लय थोडी थोडी वाढवायची. मिनिटाला 60 ठोक्यांवर चौपटीत सेकंदाला 4 स्वर पडतात. 160 ठोक्यांवर जवळजवळ 11.

सगळे उघड झाले, असे वाटावे. तरी पुष्कळांचे गाडे मध्येच अडे, आणि त्याचे कारण मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. ट्रॉय ग्रेडी या अमेरिकन वादकाने या जलद वादकांचे हात बारकाईने तपासले. गिटारलाच कॅमेरा बसवून त्याने तार छेडणाऱ्या नखीचे, म्हणजे पिकचे, मंदगती चित्रण केले. अडचण वेगात नव्हती, तार बदलण्यात होती. नखी दोन तारांच्या मध्ये अडकते. ती किंचित तिरकी धरली, तर एका दिशेच्या फटक्यानंतर आपोआप तारांच्या वर मोकळी निघते. स्वीडनचा यंगवी माल्मस्टीन बहुधा वरच्या फटक्यानंतरच तार बदलतो, ते यामुळे. चित्रफितींतले गुरू मात्र एकसारखे खाली-वर फटके मारा, मनगट सैल ठेवा, एवढेच सांगत. ते काही लपवत नव्हते. त्यांच्या हाताला जे येत होते, ते त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हते.

2005 मध्ये यूट्यूब आले आणि असले धडे फुकट झाले. आमच्या सीमाभागातल्या गावात गिटारचा शिक्षक नाही. तरी दहावीतला एक मुलगा मोबाईलवर पाहून विजेसारखी बोटे फिरवतो. त्याचे उदाहरण देऊन शाळेच्या बैठकीत एकाने मला विचारले, “आता सगळं मोबाईलवर शिकता येतं, मग संगीतशिक्षक कशाला?” प्रश्न पैशांच्या तंगीतून आला होता, कुचेष्टेतून नव्हे.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत याच मुलाला एका मुलीच्या भावगीताला साथ करायची होती. ती श्वास घ्यायला थांबे आणि हा पुढे निघून जाई. तीन वेळा असे झाले. आमचे संगीतशिक्षक पेटीवरून उठले, त्याच्या तारांवर अलगद हात ठेवून म्हणाले, “बाळ, हे कडवं तू वाजवूच नकोस. नुसतं ती कुठं थांबते ते ऐक.” पुढच्या कडव्याला तो तिच्यासाठी थांबला.

बैठकीत मी हे दोन्ही सांगितले. तबकडीने या मुलांचे कान तयार केले, चित्रफितीने डोळे. पूर्वी दडवलेला हात तिने सर्वांपुढे उघडा केला, ही लहान गोष्ट नव्हे. आडगावातल्या मुलालाही हॉलिवूडच्या वर्गात तिने बसवले. पण एक हजार वेळा मागे नेली, तरी ती समोरच्या मुलाची चूक ऐकत नाही. नखी कुठे अडकते आणि लय कुठे पळते, हे ऐकायला खोलीत दुसरा माणूस लागतो. तो आमच्याकडे आहे. त्याची जागा रद्द करू नये, एवढेच माझे म्हणणे. ते अजून विचाराधीन आहे.