मापाचा हात कोणाचा?



नोहाच्या तारवाची लांबी ३०० हात होती, असे आपण उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात वाचतो. आमच्या वाळपईतल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांच्या पट्टीवर मात्र इंच असतात, हात नसतो. म्हणून आम्ही आधी हिशेब मांडतो.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण १८ इंच. त्याच्या निम्मी वीत, ९ इंचांची. वितीत १२ अंगुळे, हातात २४. म्हणजे ३ इंचांची ४ अंगुळे झाली. इंचांना चाराने गुणावे आणि तिनाने भागावे, की अंगुळे मिळतात. या हिशेबाने तारू ४५० फूट लांब होते.

पण हात कोणाचा? उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड. घेताना लांब हात आणि देताना आखूड हात वापरला, तर गरिबाचे नुकसान ठरलेलेच. म्हणून राज्यकर्त्यांना हात ठरवून द्यावा लागला. शिवाजी महाराजांच्या काळी जमीन मोजण्याची काठी ५ हात ५ मुठींची होती. त्यातला हात मोजणाऱ्याच्या अंगावर न सोडता १४ तसूंचा ठरवला होता. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांचे 'पाल्म' हे मापही तळहातावरूनच आले. तेही २२ सेंटिमीटरांवर, म्हणजे जवळजवळ आपल्या वितीवर, पक्के झाले. पुढे १८५२ साली पोर्तुगालने मीटर पद्धत स्वीकारली.

पवित्र शास्त्रातही ही काळजी दिसते. यहेज्केल मंदिराचे माप सांगताना आपला हात नेहमीच्या हाताहून चार अंगुळे मोठा आहे, हे आधीच स्पष्ट करतो. यरुशलेममध्ये हिज्कीया राजाच्या बोगद्यात १८८० साली एक शिलालेख सापडला. त्यात बोगद्याची लांबी १२०० हात दिली आहे. आजच्या मोजणीत तो सुमारे ५३३ मीटर भरतो. म्हणजे तो हात साडेसतरा इंचांचा होता.

लेवीय १९ मध्ये परमेश्वर वजनाबरोबर लांबीच्या मापातही अन्याय करू नका असे बजावतो, आणि अनुवाद २५ मध्ये घरात दोन प्रकारची मापे ठेवण्यास मनाई करतो. आज दुकानात मीटरपट्टी सरकारी शिक्क्याची असते, पण मनात दोन मापे राहू शकतात. शेजाऱ्याचा बांध एका हाताने मोजायचा, आपला दुसऱ्या. परक्याची चूक हातभर, आपल्या मुलाची अंगुळभर.

प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात देवदूत नव्या यरुशलेमेचा तट मोजतो. तट १४४ हात भरतो, आणि माप माणसाचेच असते. स्वर्गीय नगरी मोजायलाही देवाने आपलाच हात पुरेसा मानला. तो हात आपण सर्वांसाठी एकच ठेवावा, एवढी कृपा प्रभूजवळ मागू या. आमेन.