घडीव तवा, ओतीव तवा

मुक्ताबाईंना मांडे भाजायचे होते आणि विसोबाच्या धाकाने कुंभार परळ देईना. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि मांडे त्या पाठीवर भाजले गेले. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यातला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारू. कुंभाराने नकार दिल्यावर मुक्ताबाई लोहाराच्या दारी का गेल्या नाहीत? कथा सांगणाऱ्यांना तो मार्ग सुचलाच नाही, कारण मांडे भाजायचे भांडे कुंभाराच्या चाकावरून यायचे. खानदेशात मांडे आजही पालथ्या खापरावर भाजतात.

आपल्या श्रीरामपूर तालुक्यात तर ह्या मातीच्या स्वयंपाकाचा पुरावा कितीतरी जुना आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादचा शोध बोपर्डीकरांनी १९५८ साली लावला. पुढे १९७९ पर्यंत तेथे वेळोवेळी उत्खनने झाली आणि ताम्रपाषाण युगातील घरे, चुली व ढिगांनी खापरे निघाली. त्याच दायमाबादला १९७४ साली रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती अशा चार ओतीव धातुमूर्ती सापडल्या. चौघांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. एवढा धातू ज्या गावात होता, त्या गावाच्या चुलीवर मात्र मडकेच होते. धातू देवाधर्माला, माती पोटाला, असा तो हिशेब दिसतो.

लोखंड महाराष्ट्रात आले तेही काही कालचे नव्हे. नागपूरजवळ नैकुंड येथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. पण ती भट्टी कशी चाले, हे समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या तव्याची सगळी कुळकथा त्यात आहे. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. कोळशाच्या आणि भात्याच्या भट्टीत ती मिळत नसे. धातू वितळून वाहायचा नाही. मळीने भरलेला मऊ गोळा तेवढा हाती यायचा. तो तापवायचा, ठोकायचा, मळ बाहेर काढायचा, पुन्हा तापवायचा. मुशीत थोडेथोडे पोलाद वितळवण्याची विद्या आपल्याकडे होती आणि ती जगभर वाखाणली गेली, पण ते पोलाद तलवारीसाठी. बलुतेदारांतला आपला लोहार ऐरणीवर ठोकून जो तवा देई, तो घडीव. पातळ, किंचित खोलगट, पडला तर पोचा येईल पण फुटणार नाही असा.

ओतीव तव्याचे घराणे निराळे. लोखंडात शेकडा दोन ते चार भाग कार्बन मिसळला की ते साडेअकराशे-बाराशे अंशांनाच वितळते आणि साच्यात ओतता येते. चिन्यांना ही युक्ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून ठाऊक होती. इंग्लंडात अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात लोखंडी हंडे ओतण्याचे पेटंट १७०७ साली घेतले. ह्या ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. शेजारच्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध जोडणारे भाबडे लोक मी पाहिले आहेत. तो विनोद म्हणूनच घ्यावा.

आपल्या शेतकऱ्याला ओतीव लोखंडाची ओळख स्वयंपाकघरातून झाली नाही, ती मळ्यातून झाली. बिहारमधल्या बिहिया गावी थॉमसन व मिल्न ह्यांनी १८७० नंतरच्या दशकात उसाचा लोखंडी चरक काढला आणि लाकडी चरक मागे पडू लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीने तो सुरुवातीला कोणी घेईना. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. साकचीला टाटांच्या भट्टीतून १९११ च्या अखेरीस लोखंड वाहू लागले. आपल्या भागात दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीच आला होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला आणि बेलापूर नावाच्या स्टेशनाभोवती हे आपले श्रीरामपूर वाढले. चरकाच्या लाटा आणि नांगराचे भाग ओतणाऱ्या कारखान्याला तवा ओतणे हे किरकोळ काम. तेव्हा दुकानदार ज्याला 'पुरातन परंपरेचा' म्हणून विकतो, तो बिडाचा तवा नांगराचा धाकटा भाऊ आहे. पुरातन म्हणायचेच असेल तर खापराला आणि लोहाराच्या तव्याला म्हणा.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. आजीची रीत बिडाला जशीच्या तशी लावली की तवा फुटतो. घडीव तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला तरी तो सोसतो, बिडाला त्याच हबक्याने तडा जाऊ शकतो. म्हणून विकत घेतानाच तवा बोटावर तोलून टिचकी मारून पाहावी. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आहेत का, बूड सपाट टेकते का, हेही पाहावे. बीड तांब्याच्या मानाने फार सावकाश तापते, पण जड असल्याने तापलेले सहज निवत नाही. कोकणातले घावन आणि आंबोळी त्यावर उत्तम उतरतात त्या ह्याच गुणामुळे. त्यासाठी बारीक आचेवर आधी पाच-सात मिनिटे तवा तापू द्यावा.

तव्याला जे काळे तुकतुकीत अंग येते तो मळ नव्हे. तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तापवले की तेलाचे रूप पालटते आणि त्याचा कठीण पापुद्रा लोखंडाला धरून बसतो. जवस, करडई ही सुकणारी तेले, त्यांचा पापुद्रा लवकर धरतो. भुईमुगाच्या तेलाला अधिक वेळ लागतो. तेल जास्त झाले तर चिकटा होतो, म्हणून लावलेले तेल फडक्याने जवळजवळ सगळे पुसून मगच तापवावे. साबणाचे भय आता बाळगायला नको. थोड्या साबणाने हा पापुद्रा जात नाही. तो जातो राखेच्या घासणीने, आंबट पदार्थ शिजवल्याने आणि भांडे रात्रभर पाण्यात ठेवल्याने. धुतल्यावर लगेच पुसून चुलीवर कोरडे करावे, पावसाळ्यात तर अवश्य. आणि भाकरीचा तवा धिरड्यासाठी वापरू नये. भाकरीच्या कोरड्या, कडक आचेत तेलाचा पापुद्रा जळून जातो.

मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी १८९८ साली अ‍ॅल्युमिनियमची भांडी करवून घेतली, तिथून हलक्या भांड्यांचा ओघ सुरू झाला. मागून स्टेनलेस स्टील आले, मग न चिकटणारे तवे आले. बायकांनी जुनी भांडी टाकली म्हणून त्यांना बोल लावणारी व्याख्याने मी ऐकली आहेत, बहुधा पुरुषांचीच. गंज, राख, मनगट भरून आणणारे वजन, पितळेला कल्हई न झाली तर कळकलेले ताक, हे सगळे ज्यांनी सोसले त्यांनी सुटकेचा मार्ग धरला, त्यात चुकले कुठे?

तरीही एक गोष्ट त्या लोखंडाबरोबर घराबाहेर गेली. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथिओपियात लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांची तुलना करणारा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. लोखंडी भांड्यांच्या घरांतील मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढले होते. आंबट आणि ओलसर पदार्थांत लोह अधिक उतरते. म्हणजे पापुद्र्याला जे मारक, तेच रक्ताला तारक, असा हा पेच आहे. माझ्या मते त्यावर उपाय म्हणजे दोन भांडी. धिरड्या-घावनाचा बिडाचा तवा तेलाने जपावा, आणि चिंचेची आमटी, टोमॅटोची भाजी ह्यांसाठी लोहाराची घडीव कढई ठेवावी, जिला पापुद्र्याची फिकीर नाही. भाजी थोडी काळी दिसेल, आणि शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी लागेल. रक्तक्षयावर हे औषध नव्हे. वैद्याने सांगितलेल्या गोळ्या घ्याव्यातच, पण कढईही असू द्यावी.

माळ्यावर कुणाचा जुना तवा गंजून पडला असेल तर तो वाया गेला असे समजू नका. गंज खरवडून, धुऊन, कोरडा करून तेलाचे चार-पाच हात दिले की तो पुन्हा कामाला लागतो. तडा गेलेला बिडाचा तवा मात्र ऐरणीवर सांधत नाही. तो भंगारवाल्याला द्यावा. तिथून तो ओतकामाच्या भट्टीत जातो.