कुंतल आणि वपन : स्त्रीरूपाच्या संकेताचा इतिहास

नागपूर जिल्ह्यातील काटोलला स्थानिक परंपरा कुंतलपूर म्हणते आणि चंद्रहास राजाची कथा या नगरीशी जोडते. 'कुंतल' म्हणजे केस. या नामसादृश्यावर व्युत्पत्तीचा भार टाकण्याचे कारण नाही; तथापि विदर्भातील स्त्रीरूपाच्या कल्पनेचा विचार केसांपासून आरंभणे सयुक्तिक ठरते. स्त्रीच्या सौंदर्याचे माप आणि तिचे समाजातील स्थान यांची गाठ तेथेच पडते.

वैदर्भी रुक्मिणी ही आद्य मराठी काव्याची नायिका. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदाइसेने रिद्धपूरला तिच्या विवाहाचे 'धवळे' गायिले. पुढे नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. संस्कृत काव्यातील नखशिखान्त वर्णनाचा संकेत स्वयंवरकाव्यांतून मराठीत रुळला. या संकेतातील रूप मुख्यतः वधूचे असते. पतीवाचून त्याला प्रयोजन उरत नाही. वधूचे हे गीत गाणारी महदाइसा स्वतः बालविधवा होती, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

हाच संकेत व्यवहारात सौभाग्यलक्षणांचे रूप घेतो. केशसंभार, कुंकू, बांगड्या ही लेणी पतीच्या आयुष्याशी बांधलेली असतात. ब्राह्मणादी जातींत पतिनिधनानंतर केशवपन होई. ज्या केसांची काव्याने स्तुती केली, तेच केस धर्माच्या नावाने उतरविले जात. मात्र कुणबी, तेली आदी अनेक जातींत पाट लावण्याची रूढी होती. म्हणून 'मराठी स्त्रीचे' म्हणून सांगितले जाणारे सौंदर्य आणि त्याचे हरण, दोन्ही जातिविशिष्ट आहेत.

या व्यवस्थेला तर्काने छेद दिला तो विदर्भातूनच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध केली. पत्नी वारल्यावर पुरुष आपल्या दाढीमिशा का उतरवीत नाही, या त्यांच्या युक्तिवादाने रूपाचा नियम एकतर्फी असल्याचे उघड झाले. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या वपनास नकार दिला. त्याच वर्षी 'करमणूक'मधून येऊ लागलेल्या हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत वपन हा यमूच्या शोकान्तिकेचा कळस ठरला.

रूपवर्णनाकडे केवळ अलंकार म्हणून पाहणारी समीक्षा हा इतिहास वगळते. त्या वर्णनात कोणाचे रूप आले आणि कोणाचे गाळले गेले, हा प्रश्न काव्यशास्त्राच्याही कक्षेतील आहे.